गट दोन रिकामा

सोमवार, ३ एप्रिल १९७८. सकाळी ९.१०.

कोऱ्या कागदावर पट्टीने रेघा मारत होतो. सव्विसावी रेघ अर्धी असताना आमचे खातेप्रमुख देशमुख साहेब आत आले आणि पाकीट रेघेवरच टाकले. रेघ वाकडी झाली. तो कागद आता कच्च्या कामाला.

पाकीट मुंबईचे, गिरणी जिथला कॉम्प्युटर भाड्याने घेते तिथले. मार्चच्या पगाराची चाचणी परत. मागखात्याचे निम्मे कामगार झाले, तेवढ्यात आमची अर्ध्या तासाची वेळ संपली आणि मशीनने काम बाहेर फेकले. कार्डांचा डबा गेल्या गुरुवारी आम्ही हार घालायचाच बाकी ठेवून गाडीत बसवला होता. त्याचे हे फळ.

सोबत तिथल्या कामत नावाच्या गृहस्थांची चिठ्ठी आणि एक सायक्लोस्टाइल केलेला इंग्रजी कागद. दुपारपर्यंत डिक्शनरी घेऊन वाचला. समजले ते असे. त्यांच्या मशीनमध्ये चार प्रोसेसर, शून्य ते तीन. चौघेही एका सामायिक गटात, गट शून्य. तिथे आमचा पगार बँकांच्या नि बोटकंपन्यांच्या कामांमागे रांगेत उभा राहतो. त्यावर उपाय आहे. आपला वेगळा गट काढायचा, दोन प्रोसेसर त्यात ओढून घ्यायचे, एकाने मागखात्याचा पगार करायचा, दुसऱ्याने सूतखात्याचा. झाले की दोघांना सोडून द्यायचे. हे सगळे कार्डांवरूनच सांगायचे. एकेक कार्ड म्हणजे मशीनला एकेक हाक. ग्रुप म्हटले की गट निघतो, अटॅच म्हटले की प्रोसेसर गटात येतो, रिलीज म्हटले की सुटतो.

दे. सा. म्हणाले, "एप्रिलचा पगार मशीननं नि आपल्या कारकुनांनी, दोन्हीकडनं काढायचा. पैशाला पैसा जुळला तर हे खातं राहील. न्हाय जुळला तर भोकं पाडायची पंचची दोन्ही यंत्रं परत, शमीमबाई परत रीळखात्यात, नि तू..."

"मी कुठे, साहेब?"

"तू कुठनं आलास? गेटवरनंच की."

हंगामी कारकून होऊन आठ महिने झाले. त्याआधी दोन वर्षे गेटवर बदली म्हणून उभा राहत होतो. सकाळच्या भोंग्याला कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत, नाहीतर चहा पिऊन घरी. पुन्हा तिथे नको.


मंगळवार, ४ एप्रिल.

मुंबईच्या कागदावर अकरा चुका आहेत. एवढे मोठे मशीन नि इतके गबाळे टंकलेखन! रिसीव्हमध्ये आय आणि ई उलटे. सेपरेटमध्ये भलताच स्वर. ऑकर्डचा एक आर गायब. अटॅचमध्ये एक टी खाल्लेली, रिलीज तर पाच अक्षरांतच उरकलेला. सगळे लाल शाईने दुरुस्त केले, शुद्ध प्रत काढली. दे. सा. यांनी चष्मा लावून दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. "मुंबईवाल्यांना सोलापूरचं पोरगं शिकवतंय!" म्हणाले, प्रतीवर 'मंजूर' लिहून सही केली आणि मॅनेजरसाहेबांना दाखवायला घेऊन गेले.

बरे वाटले. तिसरीत गुरुजींनी 'पाणी' हा शब्द शंभरदा लिहायला लावला होता, मी 'पानी' लिहिले म्हणून. "तेलुगू घरातला, तुला ण कुठनं येणार." तेव्हापासून माझ्या हातून चूक जात नाही. मॅट्रिक गणितात गेली, शुद्धलेखनात नाही.


बुधवार, ५ एप्रिल.

शमीमबाई पंचिंग करतात, मी तपासतो. त्या मला स्पेलिंग मास्तर म्हणतात. आज म्हणाल्या, "मास्तर, तुमे लिखे वैसाच मारती मैं. अपना डोका नै लगाती. डोका लगाई तो पगार बढता क्या?"

हाकेची पाच कार्डे. ग्रुप टू. अटॅच टू. अटॅच थ्री. शेवटी रिलीज टू, रिलीज थ्री. प्रत्येक कार्ड उजेडात धरून भोके तीनदा पडताळली. एकही चूक नाही. डब्याला चादरीची किनार बांधली, शिपाई सायकलवरून स्टेशनावर गेला. मुंबई गाडीच्या गार्डाकडे पोच झाली.


सोमवार, १० एप्रिल.

आले. काम पुन्हा अर्ध्यात. आणि वर नवी ओळ छापलेली: ग्रुप टू एम्प्टी.

म्हणजे गट निघाला. गटात कुणी आले नाही. रिकामा गट घेऊन काय करू? पंक्तीला पाट मांडून ठेवले आणि जेवायला कोणीच नाही, त्यातली गत.

दे. सा.: "काय झालं?"

मी: "प्रोसेसर आले नाहीत."

दे. सा.: "का?"

का ते मला माहीत असते तर.


मंगळवार, ११ एप्रिल.

सगळी कार्डे पुन्हा पडताळली. शुद्ध. कामतांना पत्र लिहिले, सभ्य भाषेत. 'आमच्या गटास प्रोसेसर दोन व प्रोसेसर तीन देण्याची कृपा करावी. आम्ही अटॅच रीतसर केलेले आहे.'

घरी जेवताना बापूंना सांगितले. बापू मागखात्यात तीस वर्षे आहेत. प्रोसेसर म्हणजे काय हे सांगताना मीच अडकलो. शेवटी म्हटले, "हाक मारली की येणारा कामगार."

"येत नाय?"

"नाही."

"मग हाक बराबर नाय तुझी."

मी चिडलो. म्हटले, अगदी बरोबर आहे, मी स्वतः लिहिली आहे.

बापू हसले. "एमिरा," काय रे म्हणायची त्यांची रीत, "गेटवरचं विसरला काय?"

विसरलो नाही. जॉबर म्हणजे मुकादम, तो बदल्यांची नावे पुकारायचा. बापूंचे नाव राजेशम. जॉबर म्हणायचा राजाराम. बापू "जी" म्हणून आत जायचे. अजून मस्टरवर राजारामच आहे. माझे नाव सत्यनारायण. त्याने पुकारले "सत्तू". मी उभा राहून म्हटले, "सत्यनारायण." त्याने वर पाहिलेही नाही, पुढचे नाव घेतले. अशा माझ्या किती बदल्या बुडाल्या असतील. दर वेळी घरी आल्यावर बापू एकच वाक्य म्हणायचे, आजही म्हणाले: "तुला नाव पायजे, मला माग."

अम्मा म्हणाली, पोराला जेवू द्या.


शनिवार, १५ एप्रिल.

मंगळवारी पाठवलेला दुसरा डबा परत. ग्रुप टू एम्प्टी.

शब्दाला शब्द तोच. या वेळी तर प्रोसेसरांच्या कार्डांमध्ये मी एकेक कोरे कार्डही घातले होते, मशीनला दम खायला. दम मला लागला.

कामतांचे उत्तरही आले, एका ओळीचे: 'प्रोसेसर आम्ही देत नसतो, आपण घ्यावयाचे असतात.' हे काय उत्तर झाले? रेशन दुकानदारसुद्धा यापेक्षा नीट बोलतो.

उलट पत्र लिहिले. या वेळी सभ्य भाषेत नाही. 'आपल्याकडील प्रोसेसर मोठ्या गिऱ्हाइकांना बांधून ठेवलेले दिसतात. सोलापूरच्या गिरणीचे भाडेही भाडेच असते.' दे. सा. यांना दाखवले. त्यांनी 'बांधून' खाली रेघ मारली आणि म्हणाले, "हां. कळू दे त्यांना."


मंगळवार, १८ एप्रिल.

ऊन असे की पंचखोलीच्या पत्र्यावर पापड भाजतील. कार्डे कडेने वाकतात. शमीमबाईंनी त्यांवर लोखंडी वजन ठेवले आहे.

ट्रंक कॉल करू द्या म्हटले. दे. सा. म्हणाले, गिरणीचा फोन गिरणीच्या कामाला. हे कोणाचे काम आहे? बापूंकडून दहा रुपये घेऊन पोस्टात गेलो. दोन तास बाकावर. मग आवाज आला, विहिरीतून यावा तसा.

"कोण? सोलापूर? मोठ्याने बोला!"

"आम्हाला प्रोसेसर मिळत नाहीत!"

"अहो, मी काय खिशात घालून बसलोय? हाक मारा, येतात!"

"मारली!"

"काय मारली ते वाचून दाखवा."

"ग्रुप टू! अटॅच टू! अटॅच थ्री!"

"बरोबर आहे."

"अगदी असेच आहे कार्डावर!"

"मग यायलाच पाहिजेत."

"येत नाहीत ना!"

"आणि काय हो, बांधून ठेवलेत म्हणून लिहिता? चार वर्षं मी या..."

तीन मिनिटे संपली. पोस्टातली सगळी माणसे माझ्याकडे बघत होती. एक म्हातारा म्हणाला, "कोन येत न्हाय म्हनं? पावणं?"


गुरुवार, २० एप्रिल.

तिसरा डबा. आता एप्रिलची खरी हजेरी, वीस तारखेपर्यंतची. दे. सा. यांनी बजावले, हा शेवटून दुसरा. मुंबईची वेळ विकत घ्यायची असते, फुकट नाही.

पाच वाजता वीज गेली, पंखा बंद. डबा भरत असताना माझ्या कपाळाचा घाम टपकन खाली, नेमका अटॅच थ्रीच्या कार्डावर. कार्ड फुगले. फुगलेले कार्ड मशीनच्या दाढेत अडकते, मागची सगळी फाटतात. सव्वासहाला वीज आली. शिपाई सायकलवर एक पाय टाकून बाहेर ओरडतोय, "चला की वं, गाडी काय माज्या सासऱ्याची हाय का थांबायला?" शुद्ध प्रत दे. सा. यांच्या कुलपात आणि दे. सा. घरी. मी एका हाताने किनार बांधत ओरडलो, "शमीमबाई, अटॅच थ्री, लौकर!" त्यांनी खटाखट मारून दिले. मी ते तसेच जागेवर घातले.

ते एक कार्ड तपासले नाही. घरी येईपर्यंत तेच डोक्यात. भोके पाहिली नाहीत. भोके पाहिली नाहीत.


सोमवार, २४ एप्रिल.

तार. शुक्रवारी रात्री केलेली, पोचली आज; शिपायाने दे. सा. यांच्याऐवजी माझ्या हातात दिली. इंग्रजीत: 'प्रोसेसर ताबडतोब सोडा.'

मी दोनदा वाचली. सोडा? काय सोडा? तीन आठवडे मी मागतोय, मिळत नाही. आता न मिळालेले सोडा म्हणतात!

दुपारी कामतांचा स्वतःहून फोन, गिरणीच्या नंबरवर. दे. सा. यांनी घेतला. मी बाजूला उभा. इकडचे एवढेच ऐकू येत होते: "होय... होय... चौदा तास?... छे हो... बघतो... सॉरी." दे. सा. यांना मी कधी सॉरी म्हणताना ऐकले नव्हते.

फोन ठेवला. झाले असे. शुक्रवारी संध्याकाळी प्रोसेसर तीन आमच्या गटात आला. आमचे काम संपले तरी तो सुटला नाही. बँकेची कामे तीन प्रोसेसरांवर खोळंबली आणि हा एक आमच्या रिकाम्या गटात हातावर हात ठेवून सकाळपर्यंत बसून. शेवटी सगळी कामे थांबवून मशीन नव्याने सुरू करावे लागले. त्या चौदा तासांचे भाडे आमच्या नावावर.

दे. सा.: "आला कसा न्हाय ते विचारत हुतो, आता जात का न्हाय ते विचारू? काय पाव्हणे जमवलेस बाबा तू!"


मंगळवार, २५ एप्रिल.

डबा आणि कागद आला. ग्रुप टू, एकूण एक प्रोसेसर. रिकामा नाही! मागखात्याचा पगार पहिल्यांदा पूर्ण छापलेला, शेवटच्या नावापर्यंत. राजाराम म्हणून बापू आहेत, पगार बरोबर. क्षणभर सगळे विसरलो.

मग विचार. दोनला हाक मारली, आला नाही. तीनला मारली, आला. दोघांना सोड म्हटले, जो होता तो सुटला नाही. असा कसा निवडक बहिरा?

कार्डे काढून ओळीने मांडली. अटॅच टू. अटॅच थ्री. दुसऱ्या कार्डावर एक टी कमी.

मी ते घेऊन तडक शमीमबाईंकडे. म्हटले, "हे काय? अटॅचमध्ये दोन टी असतात. इतक्या महिन्यांत एवढे कळले नाही?"

"तुमे बोले वैसा मारी. बोलने में कितने टी आते, मेरेकू क्या मालूम? अटॅच बोले तो अटॅच."

"माझे सगळे काम तुमच्या एका टीने..."

"क्या हुआ काम का?"

"प्रोसेसर आला."

"आया?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आया, तो चिल्लाते कायकू जी?"

तिथेच उभा राहिलो. चुकीच्या कार्डाला आला. बरोबर कार्डाला नाही.

मुंबईचा मूळ कागद काढला. माझ्या लाल शाईखाली वाचला. ग्रुप, पाच अक्षरे. अटॅच, एका टीचा, पाच अक्षरे. रिलीज, पाच अक्षरांत उरकलेला. त्या चुका नव्हत्या. मशीनचे शब्दच तेवढे आहेत. बाकीच्या नऊ चुका खऱ्या होत्या, आणि त्या नऊंच्या घोळक्यात मी या दोघांनाही धरून मारले.

पत्रे मी मराठीत लिहिली, त्यात अटॅचला एकच ट. फोनवर वाचून दाखवले, तिथे तर टी ऐकूच येत नाही. कामत म्हणाले बरोबर आहे, आणि त्यांच्या कानाला ते बरोबरच होते.

माझी शुद्ध प्रत. माझी.


बुधवार, २६ एप्रिल.

दे. सा. यांनी दोघांना बोलावले. टेबलावर कार्डे. मॅनेजरसाहेबांनी चौदा तासांचा खुलासा लेखी मागितला आहे.

"हे एकच कार्ड वेगळं हाय. कुणी मारलं?"

शमीमबाई म्हणाल्या, "मैं मारी साब."

"चुकीचं?"

"मास्तर बोलते चुकीचं, तो होगा चुकीचं."

दे. सा. यांनी माझ्याकडे पाहिले. मी कार्डाकडे. ते म्हणाले, "लिहितो मी. पंचिंगची चूक. बाई, तुमी सोमवारपास्नं रीळखात्यात जा, मग बघू."

मी टेबलावरची कार्डे गोळा केली.

बाहेर आल्यावर शमीमबाईंनी जेवणाच्या डब्यातून दोन भजी काढून माझ्या कागदावर ठेवली, रोज ठेवतात तशी. म्हणाल्या, "खाओ मास्तर. रीळखाते में गरमी कम रहती, अच्छाच है." पाठ वळवून यंत्रावर कापड घातले.

भजी खाल्ली. खायला नको होती.


गुरुवार, २७ एप्रिल.

सकाळचा भोंगा व्हायच्या आत दे. सा. यांच्या दारात. मूळ कागद, लाल शाईचा, आणि शुद्ध प्रत, दोन्ही हातात.

म्हटले, "साहेब, चूक पंचिंगची नाही. त्या एका कार्डावरचा शब्द बरोबर आहे. बाकीच्या चार कार्डांतली तीन चुकीची आहेत. ती मी दुरुस्त केली होती."

"दुरुस्त केलीस म्हणून चुकीची?"

"होय."

समजावून सांगायला बराच वेळ लागला. ते म्हणाले, मग मशीन तोंडानं सांगत का न्हाय? कामतांना विचारायला या वेळी त्यांनी स्वतः गिरणीचा फोन उचलून दिला. कामतांनी अक्षर न् अक्षर पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, "अनोळखी शब्द दिसला की मशीन तो शेरा समजतं, कुणीतरी स्वतःसाठी लिहिलेला. आणि पुढं जातं. तुम्ही शुद्ध केलंत? खरंच?" आणि हसायला लागले. इतके हसले की फोनला कान लावून बसलेल्या दे. सा. यांच्याही मिशा हलल्या.

मग दे. सा. यांनी शुद्ध प्रत उलटी केली. खाली 'मंजूर' आणि त्यांची सही. मॅनेजरसाहेबांना स्वतः दाखवलेली.

"ही माजीच का रे सही?"

"होय, साहेब."

खुलाशाचा कागद त्यांनी फाडला. फाडलेले चारही तुकडे खिशात घातले. "बाई हितंच राहू द्या. शनिवारी एकदा, शेवटचं. संध्याकाळची वेळ घेतो. मंगळवारी कागद आला नि जुळला, तर बघू. न्हाय जुळला तर तू गेटवर, नि मी..." मला जायची खूण केली. दारापर्यंत गेल्यावर हाक मारली, "आणि हे बघ. हातात लाल शाई घेऊ नकोस."


शुक्रवार, २८ एप्रिल.

हाकेची पाच कार्डे नव्याने. चार शब्द चुकवून लिहिताना हात थांबत होता. पेन टी-वर आपोआप दुसरी टी काढायला जाई. शमीमबाई शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तर, एकीच टी. गिनती करूं क्या तुम्हारे वास्ते?"

त्यांना सांगितले होते काल. त्या म्हणाल्या, "मालूम था मेरेकू. तुमे परसों भजी खाते वक्त नीचे देख रहे थे." एवढेच. माफी मागायला तोंड उघडले, तर म्हणाल्या, "नक्को जी, गरमी में लंबा मत बोलो."

घरी बापूंना सांगितले, हाक चुकीची निघाली. बापूंनी भाकरी मोडली. नंतर हात धुताना अम्माला म्हणाले, "सत्तू आला आज."

चिडायला हवे होते. "जी" म्हणून गेलो.


शनिवार, २९ एप्रिल.

डबा कालच्या गाडीने गेला, पोचल्याचा कामतांचा निरोप दुपारी आला. डबा उघडून कार्डे स्वतः पाहिली म्हणतात. पाचही शब्द पाच अक्षरांचे. आज संध्याकाळी सहाला आमची वेळ. सोमवारी सुट्टी. मंगळवारच्या आधी काही कळणार नाही.

सूतखात्याचे हाताने काढलेले पगार कारकुनांनी बांधून तयार ठेवले आहेत, जुळवायला. हिशेबनीस जाता जाता म्हणाले, "न्हाय जुळलं तर सांग बरं का, गेटवर चहा पाजतो." मी पंचखोली झाडली, यंत्रांवर कापड घातले, किल्ली दिली. नवी पेठेतून येताना सहाचे टोले पडले. चालता चालता थांबलो. उगाच. इथून काय ऐकू येणार.

खर्च:
ट्रंक कॉल, पोस्टातून: रु. १२.००
पत्रांची तिकिटे: रु. १.००
डब्यासाठी नवी किनार, नवी पेठ: रु. ०.७५
लाल शाईची दौत (दुकानदाराने परत घेतली नाही): रु. १.५०

देणे:
बापूंचे: रु. १०.००
शमीमबाई, भजी: पैसे घेत नाहीत
मुंबई, चौदा तासांचे भाडे: आकडा यायचा आहे, गिरणी भरणार की माझ्या पगारातून, तेही कळायचे आहे

येणे:
प्रो. २ आणि प्रो. ३. मागितले आहेत, स्पेलिंग चुकवून.